पुढच्या सामन्यापर्यंत

स्तारी बोर, ३ मे १९६६

तैसिया वहिनी,

न सांगता गेलात. किल्ली शेजारच्या आग्राफेना आजीकडे, कुंड्या आजीकडे, मांजर आजीकडे, आणि सख्ख्या दिरासाठी साधी चिठ्ठीसुद्धा नाही. दादाच्या नवव्या दिवसाचं जेवण झालं, लोक ताटं पुसून घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी मी येतो तर दाराला कुलूप. आजी म्हणाली, पोरीला घेऊन माहेरी गेली, खिडकीतून नदी दिसते ती बघवत नाही म्हणाली. नदी काय आजची आहे? पण असो. मला राग आला आहे एवढं तुम्हाला कळावं, म्हणून लिहायला बसलो.

तुम्हाला फुटबॉलचं नाव काढलेलं खपत नाही, माहीत आहे. तुमच्या मते ग्लेबदादाला फुटबॉलनं खाल्लं. एप्रिलच्या बर्फावर गळ टाकून बसणारा माणूस फुटबॉल न खेळताही बुडालाच असता, पण तुमच्याशी वाद कोण घालणार. तरी कालचं सांगतोच, कारण ते त्याच्याबद्दल आहे.

काल सीझनचा पहिला सामना झाला, आपल्याच मैदानावर. पोर्फिरी सावेलिचनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, दादाची नऊ नंबरची जर्सी खोलीत त्याच्याच खुंटीवर टांगली. खाली बाकावर आपल्या कारखान्याचा पैलूदार पेला ठेवला, काठोकाठ व्होडका, वर काळ्या पावाची चकती. कारखान्याचे पक्षचिटणीस आम्हाला चार शब्द सांगायला आले होते. असले जुने रिवाज पक्षाला चालत नाहीत, म्हणून मयताचा पेला बघून ते भिंतीकडे तोंड करून बोलले, म्हणजे त्यांनी काही पाहिलं नाही.

आणि आम्ही तीन शून्यनं जिंकलो. 'गोर्न' संघ, वहिनी. ब वर्गातला असा संघ की ज्याचे खेळाडू कागदोपत्री काच फुंकणारे कामगार आहेत, आणि खेळ बघून लोक म्हणतात की यांना खरंच भट्टीवर पाठवा. सामना संपल्यावर आनंदानं माझं डोकंच फिरलं. पेला भरला, दादाच्या पेल्यावर टणकन भिडवला आणि ओरडलो, "पुढच्या सामन्यापर्यंत, दादा!"

सगळ्यांचे पेले हवेतच थांबले. मेलेल्याच्या पेल्याला पेला भिडवत नाहीत हे मला कळत नाही असं नाही. आईनं प्रत्येक मयताच्या जेवणाला आम्हा दोघांची मनगटं धरून शिकवलं होतं. पण मग कोणीतरी हसलं, आणि एकेक करून सगळ्यांनीच भिडवले. फार बरं वाटलं. तो तिथेच बसला आहे असं वाटलं.

उल्याला काकाचा पापा. उत्तर लिहा, नाहीतर मी खरंच रागवेन.

वेन्का


३० मे

तैसिया वहिनी,

पत्र मागितलं होतं, तुम्ही चाबूक पाठवलात. "मेलेल्या माणसाला तू पुढच्या सामन्याचं बोलावणं दिलंस, आणि वर चाळिसावा दिवसही घातला नाहीस." हे वाक्य पोस्टमनसमोर वाचलं, म्हणून माझं तोंड कसं झालं ते तोही सांगेल.

चाळिसाव्याला जेवण घालून माणसाला निरोप द्यायचा, नाहीतर तो उंबऱ्यात अडकतो, हे मला शिकवू नका. मी गहू आणून ठेवले होते, मधही होता. आजी घावन करून देणार होती. पण पोर्फिरी सावेलिच घरी आले, टोपी न काढता स्टुलावर बसले, आणि म्हणाले की चारही सामने आपण जिंकलो आहोत, अशा वेळी काही म्हणजे काही बदलायचं नाही. तुम्हाला आमचे लोक माहीत आहेत. जिंकत असताना कोणी मोजे धूत नाही, कोणी दाढी करत नाही. आमचा बसवाला येफिम तर सामन्याच्या दिवशी, आम्ही आत बसलेले असताना, बस मागे घेत नाही. बस मागे गेली की संघ मागे गेला, असं त्याचं शास्त्र. परवा बोळात समोरून दुधाची गाडी आली, तर आम्ही सगळे खाली उतरलो आणि दुधाची गाडी ढकलत मागे नेली. अशा लोकांना मी काय सांगू, की आज माझ्या भावाला निरोप देऊ या?

"सीझन संपू दे," पोर्फिरी सावेलिच म्हणाले. "मग थाटात घालू. तोवर त्याला काय घाई आहे?"

म्हणून घातला नाही. पेला मात्र प्रत्येक सामन्याला भरतो, बाहेरगावी गेलो तरी. आमचा म्हातारा प्रशिक्षक पिशवीत जर्सी, पेला आणि एक खिळा घेऊन फिरतो. जिंकलो की सगळे पेले भिडवतात आणि म्हणतात, पुढच्या सामन्यापर्यंत. नव्या सेंटर फॉरवर्डला बारा नंबर दिला आहे. नऊ नंबर खुंटीवरच असतो.

एक गंमत सांगतो, घाबरू नका. आम्ही परत येतो तेव्हा पेला अर्धा झालेला असतो आणि पावाचा एक घास गेलेला असतो. सगळ्यांनी मसाजवाल्या रेनातला धरलं. तो बिचारा तातार मुसलमान, घरी आईच्या धाकात वाढलेला, आजवर थेंब चाखलेला नाही. तो रडकुंडीला आला. मग खोलीला कुलूप लावून किल्ली येफिमच्या खिशात ठेवली. परत आलो तर पेला अर्धाच.

आणि एक. मी मधल्या फळीतून डोळे मिटून उजवीकडच्या मोकळ्या जागेत पास देतो. आठ वर्षं देत आलो, कारण दादा तिथे असायचाच. सवय जात नाही. कालही दिला. तिथे कोणी नव्हतं. पण चेंडू थांबला, वहिनी. जसा पायाखाली घेतल्यावर थांबतो तसा. मग वळला आणि आमच्या विंगरकडे गेला, आणि गोल झाला. वारा असेल. आमच्याकडे मेमध्ये वारा असतोच.

वेन्का


१७ जुलै

तैसिया वहिनी,

इथे सगळा गाव रेडिओला चिकटला आहे. इंग्लंडमध्ये जगाचा चषक चालू आहे, आणि बाजारात बटाटे विकणाऱ्या बायासुद्धा बचाव कसा असावा यावर बोलतात. आमच्याकडे बघायला कोणाला वेळ नाही, आणि आम्ही गटात पहिले आहोत. असं आमचं नशीब.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दर रविवारी संध्याकाळी उल्या तुमच्या आईच्या घराच्या ओसरीत जाऊन बसते. विचारलं की म्हणते, बाबा आले होते, बूट ओले होते म्हणून आत आले नाहीत. तुम्ही जाऊन बघता तर दारापाशी फळ्या ओल्या. तो तिला विचारतो, अजून किती सामने राहिले. ती त्याचे हात आपल्या हातात धरून ऊब देते, आणि मग तिचे हात सोमवारी दुपारपर्यंत गार राहतात.

पहिल्यांदा वाटलं, सहा वर्षांची पोर आहे, बापाची आठवण येते, काहीतरी रचते. तसं लिहिणारही होतो. पण मग लाकूडतोड्यांच्या संघाबरोबर त्यांच्या गावी सामना झाला. तिथे सामन्यानंतर दोन्ही संघ एकाच हमामात जातात. त्यांचा दोरोफेयेव नावाचा बचावपटू आहे, दारात मावत नाही एवढा. वाफेत माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तुमचा नऊ नंबरवाला कुठाय? आंघोळ करत नाही का तो?"

मी म्हटलं, आमच्यात नऊ नंबर नाही.

"मला शिकवतोस? नव्वद मिनिटं त्याच्यामागे पळालो. एक शब्द बोलत नाही गडी. ढकलला तर हलत नाही. आणि अंगाला नदीचा वास येतो लेकाच्या. आधी वाळवून तरी आणत जा त्याला."

आमची सगळी मंडळी तिथेच होती. रेनात हातातला टॉवेल टाकून बाहेर निघून गेला. आम्ही खोलीत आलो तेव्हा भिंतीवर ठोकलेल्या त्या खिळ्याला टांगलेल्या जर्सीतून पाणी ठिबकत होतं. पोर्फिरी सावेलिचनी ती पिळली, घडी करून पिशवीत घातली, आणि म्हणाले, बसमध्ये चला.

गावी परतल्यावर आजीकडून किल्ली घेऊन तुमच्या घरी गेलो. भर दुपार होती, खिडकीतून नदीवरचं ऊन आत आलं होतं. स्टोव्हपाशी त्याचे ते लोकरीचे बूट, ज्या बुटांत त्याला बाहेर काढलं ते नव्हे, जुने, जे तुम्ही टाकून द्यायला सांगत होतात ते. ओलेचिंब होते. दारापासून स्टोव्हपर्यंत फरशी ओली होती. मी पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा पुसली.

आता तुम्ही म्हणाल, मग आता तरी जेवण घाल. थांबा, माझं एक ऐका. मला भीती नाही वाटली. मला हेवा वाटला. दर रविवारी त्याच्याबरोबर मैदानावर मी असतो, पास मी देतो, घाम मी गाळतो, आणि सामना संपला की तो उल्याकडे जातो. माझ्याशी एक शब्द नाही. मी काय त्याचा कोणी नाही?

वेन्का


२८ ऑगस्ट

तैसिया वहिनी,

तुमच्या तिन्ही पत्रांना मिळून हे एकच उत्तर आहे. नाही.

आता ऐका का ते. आम्ही पहिले आहोत आणि लाकूडतोडे आमच्या पाठीला लागून आहेत. शेवटचा सामना ऑक्टोबरात त्यांच्याशीच आहे, आपल्या मैदानावर. तो जिंकला की अ वर्ग. मी एकतीस वर्षांचा आहे, उजव्या गुडघ्यात पाणी साचतं, आणि आजवर ज्या मैदानांवर खेळलो त्यांतल्या अर्ध्यांवर सामन्याआधी शेळ्या हाकलाव्या लागतात. कारखान्याच्या संचालकांनी सांगितलं आहे की वर गेलो तर प्रत्येकाला नव्या इमारतीत घर. पोर्फिरी सावेलिच तर रात्री झोपत नाहीत, दिवसा बाकावर बसून पेंगतात आणि झोपेत सूचना देतात. दोन महिन्यांचा प्रश्न आहे. तोवर उल्याला लोकरीचे हातमोजे घाला. सोबत एक जोडी पाठवली आहे, लाल, वर हरिण आहे.

हे लिहून पत्र बंद केलं होतं. पुन्हा उघडलं.

तुम्ही लिहिलंत की आता हात बुधवारपर्यंत गार असतात. डॉक्टरीणबाई येऊन गेली, तिनं माशाचं तेल दिलं. उल्या अंगणात खेळायला जात नाही, रविवारची वाट बघत बसते. तुम्ही लिहिलंत, "वेन्या, अ वर्गासाठी माझी पोर जायला नको." मला तुम्ही इतका वाईट समजता?

खरं सांगतो. अ वर्ग गेला खड्ड्यात. घरही गेलं खड्ड्यात, मला पत्र्याखाली झोपता येतं. मला या जगात एकच गोष्ट धड येते. डोळे मिटून चेंडू द्यायचा, आणि तिथे दादा असतो. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. तेव्हापासून ज्या बाजूला मी वळेन तिथे तो आधीच उभा असायचा. आता जर्सी नाही दिसत, चेहरा नाही दिसत, पण चेंडू थांबतो आणि मला त्याचा श्वास ऐकू येतो, नाकातून शिटीसारखा, लहानपणी नाक मोडलं होतं ना त्याचं, तसाच. तो श्वास ऐकण्यासाठी मी आठवडाभर जगतो. मी त्याला निरोप दिला की मग काय? मग मी एकटा. तुम्हाला उल्या तरी आहे.

रागवा. पण ऑक्टोबरपर्यंत जेवण घालणार नाही.

वेन्का


१० ऑक्टोबर

वहिनी,

काल उत्तरेला सामना होता. पहाटे गवतावर दव गोठलं होतं आणि दुपारपर्यंत वितळलं नव्हतं. सगळं मैदान पांढरं, त्यामुळे कोण कुठून कुठे पळालं ते दिसत होतं.

मी पास दिला. चेंडू थांबला नाही. जरा पुढे गेला, मग थांबला, मग फार हळू परत वळला. दादा उशिरा पोचला होता. आठ वर्षांत तो कधी उशिरा पोचला नव्हता. मी तिकडे पळत गेलो. पांढऱ्या गवतावर ठसे होते, खेळाच्या खिळेवाल्या बुटांचे नव्हे, लोकरीच्या बुटांचे, रुंद, फरपटत आलेले, आणि प्रत्येक ठशात पाणी साचलेलं. शेवटचे दोन ठसे शेजारी शेजारी होते आणि टाचेकडे खोल. तुम्हाला आठवतं, दमला की तो कसा गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा राहायचा? तसा उभा होता तो माझ्यापुढे. श्वास ऐकू आला. शिटी नव्हती. खोल पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा होता.

मी विचारलं, "दमलास दादा?"

तो तुमच्या पोरीला सबंध उन्हाळा हेच विचारत होता की अजून किती राहिले, आणि ते मी तुमच्याच पत्रांत वाचत होतो. मला वाटलं होतं, त्याला खेळायचं आहे. मी त्याला प्रत्येक रविवारी पेला भिडवून बोलावत होतो आणि तो येत होता, कारण मी बोलावलं की तो यायचाच.

आम्ही जिंकलो. पेले भिडवायची वेळ आली तेव्हा मी शौचालयात जाऊन बसलो.

तुमची तार आज मिळाली. उल्याचे हात आता आठवडाभर गार असतात, आणि काल ती बोललीच नाही. शेवटच्या सामन्याच्या दिवशी सकाळी जेवण घालतो. सामन्यानंतर नव्हे, आधी. तोच रविवार असा आहे की सगळे गावात असतील. मी पोर्फिरी सावेलिचना सांगितलं. ते म्हणाले, "मग तू खेळू नकोस." मी म्हटलं, बरं.

वेन्का


२४ ऑक्टोबर

तैसिया वहिनी,

तार पोचली. "हात गरम. झोपली आहे." ती पोस्टात उभ्यानं वाचली आणि खिडकीतल्या बाईच्या देखत रडलो. ती बिचारी म्हणाली, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही, पोरगी झोपली आहे. तिनं मला पाणी दिलं.

आता कालचं सांगतो.

सकाळीच तुमच्या घरी गेलो. आजीनं घावन केले, मी गहू शिजवले, जरा करपले, वर मध ओतला. आरशावर चादर टाकली. फरशी पुसली, कारण ओली होतीच. टेबलाच्या डोक्याशी दादाची खुर्ची, तिच्यासमोर पेला, पेल्यावर पाव. मी, आजी आणि रेनात, एवढेच जण. रेनात म्हणाला, माझा देव वेगळा आहे पण मी बसतो.

मग खाली गाडीचा आवाज आला. तुमच्या अंगणात वळायला जागा नाही, तुम्हाला माहीत आहे. मी खिडकीतून पाहिलं. येफिम बस मागे घेत आत आणत होता. सामन्याचा दिवस, आत सगळा संघ बसलेला, आणि तो मान वळवून हळूहळू मागे येत होता, थेट जिन्याच्या तोंडापर्यंत. आतून पोरं काचांवर ठोकत होती. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला, टोपी हातात घेतली आणि वर आला.

"गेलं आता नशीब," तो म्हणाला. "घाला जेवायला."

त्याच्यामागून एकेक करून सगळे आले, हातात बूट, अंगात सामन्याचे कपडे. खुर्च्या पुरल्या नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले. सगळ्यांत शेवटी पोर्फिरी सावेलिच. वहिनी, मला वाटलं ते मला ओढत खाली नेतील. त्यांनी पिशवीतून नऊ नंबरची जर्सी काढली, दादाच्या खुर्चीच्या पाठीवर घातली, खांदे नीट केले आणि म्हणाले, "फार खेळवला आपण याला."

आम्ही उभे राहिलो. आणि काय सांगू, माझा हात आपोआप निघाला. सबंध उन्हाळ्याची सवय. माझा पेला त्याच्या पेल्याजवळ गेला, इतका की मध्ये बोटभर जागा. दादाच्या पेल्यातली व्होडका हलत होती, काठाला लागत होती, जसा कोणी पेला उचलायच्या बेतात असावा तशी. तो तयार होता, वहिनी. इतका दमलेला, तरी मी भिडवला असता तर तो आला असता. लहानपणापासून मी बोलावलं आणि तो आला नाही असं कधी झालं नाही.

मी हात मागे घेतला.

"जा दादा," मी म्हटलं. "आता मी बघतो."

सगळे न भिडवता प्यायले. रेनातनंही एक घोट घेतला आणि त्याला ठसका लागला, कोणी हसलं नाही. मग पाहिलं तर दादाच्या पेल्यातली व्होडका स्थिर होती. काठोकाठ, पावाचा तुकडा जसाच्या तसा. आजी म्हणाली, गार वारा थांबला. तेव्हा कळलं की इतका वेळ वारा होता.

जाताना म्हाताऱ्यानं मला बसच्या दारात अडवलं आणि माझी जर्सी माझ्या छातीवर आपटली. म्हणजे मी खेळायचं होतं.

सामना आम्ही हरलो. शून्य दोन. येफिम म्हणतो बस मागे घेतली म्हणून, पक्षचिटणीस म्हणतात शिस्त नाही म्हणून. आम्ही ब वर्गातच राहिलो, शेळ्यांसकट. पोर्फिरी सावेलिच सामन्यानंतर बाकावर झोपून गेले, आणि आम्ही त्यांच्यावर कोट घातला. दोरोफेयेवनं हात मिळवताना इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, तुमचा नऊ नंबरवाला आज आला नाही का, चांगला होता गडी. मी म्हटलं, त्याचा सीझन संपला.

गावात लोक माझ्याकडे बघून पलीकडच्या पदपथावर जातात. पावाच्या दुकानातली म्हणाली, एवढं काय होतं, एक आठवडा थांबता आलं नसतं? मी पाव घेऊन बाहेर पडलो. तिचे हात गरम आहेत, तिला काय सांगायचं.

एक गोष्ट राहिली. सामना संपायला थोडाच वेळ होता. माझ्याकडे चेंडू आला, समोर दोघं होते, आणि मी विचार न करता डोळे मिटून उजवीकडे दिला. आठ वर्षांतला सगळ्यांत सुंदर पास असेल, वहिनी, गवताला चिकटून गेला. मी कान देऊन ऐकत उभा राहिलो. चेंडू मोकळ्या जागेतून गेला, तसाच पुढे गेला, रेषेबाहेर गेला, आणि कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी जाऊन आपोआप थांबला. मग वरच्या बाकांवरून कोणीतरी ओरडलं, "अरे वेन्का, कोणाला दिलास तो?"

आणि मी तिथेच गवतावर बसलो. दादा गेला, हे मला तेव्हा कळलं. एप्रिलमध्ये नाही, मातीत ठेवला तेव्हा नाही, तेव्हा.

तुम्ही उल्याला घेऊन परत या. नदी आता गोठायला लागली आहे, खिडकीला मी पडदा लावला आहे, जाड, तुमच्या आवडीचा नाही पण नदी दिसत नाही. उल्याला ते लाल हातमोजे नको असतील तर राहू देत. किल्ली आजीकडेच आहे. काल सामन्यानंतर गेलो होतो, आज सकाळी पुन्हा गेलो, दारापासून स्टोव्हपर्यंत हात फिरवून पाहिला. फरशी कोरडी आहे.

तुमचा
वेन्का